किनुएच्या पाठीतलं औषध

आमच्या बंदरात केस कापायचं दुकान एकच, कुकींचं. त्या दुकानात गेली चाळीसएक वर्षं वस्तरा धरत आली ती किनुए. माझं मासळी वाळवायचं आवार तिच्या दुकानाला लागूनच आहे. तिच्याकडच्या गरम टॉवेलांची वाफ आणि माझ्या जाळ्यांवरच्या सांमा माशांचा वास गल्लीत एकमेकांत मिसळतो. गिऱ्हाईक तुळतुळीत दाढी करून निघालं तरी घरी पोचेपर्यंत त्याला माशाचा वास लागलेला असतो. "फुसाए, मी माणसं चकाचक करते आणि तू त्यांची सुकट करतेस," असं ती मला शाळा सुटल्यापासून ऐकवत आलीय.

तिचा हात हलका होता. हलका म्हणजे किती, तर गोनरोकु आजोबा खुर्चीत बसले की झोपायचे, आणि वस्तरा गळ्यावरून फिरून हनुवटीला वळसा घालून कानाच्या पाळीपर्यंत आला तरी त्यांचं घोरणं थांबायचं नाही. दर्यावर साठ वर्षं काढलेला माणूस तो, घरात मांजर चाललं तरी जागा होणारा.

या दुकानाला एक जुनं दुखणं होतं. बंदरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कुणी दुकानात बोलत नसे. किनुएचे वडील यासुकिची त्याच आजाराने गेले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आधी त्यांच्या हातून ब्रश पडायला लागला, मग वस्तरा, मग जेवताना काड्या. हात गेले, पाय गेले, शेवटी जीभ गेली. डोळे मात्र शेवटपर्यंत लख्ख होते, आणि समजत सगळं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, गरम झऱ्यावर नेऊन बसवा म्हणाले. त्यापलीकडे कुणाच्याच हातात काही नव्हतं. मज्जातंतू एकेक करून विझतात आणि ते ज्या स्नायूंना हलवतात ते सुकून जातात, एवढंच तेव्हा माहीत होतं. लोक म्हणायचे विहिरीचं पाणी वाईट, कुणी म्हणायचं थडग्याची दिशा चुकली. किनुएच्या आईने दोन्ही ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तरा स्वतः हातात घेतला.

थोरला भाऊ मासेमारीच्या बोटीवर, म्हणून पुढे किनुएने दुकान सांभाळलं. नवरा घरजावई म्हणून आला होता, भला माणूस, मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. तो डोक्यात रक्तस्राव होऊन अचानक गेला. मुलगी मिहोको नागोयाला बालवाडीत शिकवते, तिथेच तिचं लग्न झालं.

मग त्या थोरल्या भावाचा, तोशिहारुचा पाय ओढायला लागला. चालताना त्याची चप्पल निसटायची आणि त्याला ते कळायचंही नाही. किनुएने दुकानाच्या काचेतून ते पाहिलं, आणि गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळेपर्यंत ती तशीच उभी राहिली, असं त्या गिऱ्हाइकानेच मला सांगितलं.

तोशिहारुच्या वेळेपर्यंत औषधं आली होती. सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पोटी घ्यायची एक गोळी, आणि एक सलाईन. सलाईन पंधरवडाभर रोज लावायचं, मग तेवढेच दिवस खंड, की पुन्हा सुरू. नर्स घरी येऊन लावून जायची. मी डबा घेऊन जायचे तेव्हा तो सलाईनच्या थेंबांकडे बघत पडलेला असायचा. एकदा मी विचारलं, फरक वाटतो का रे? तो बोनितो माशांच्या बोटीवरचा माणूस, बोटीच्याच भाषेत बोलला. म्हणाला, "बोट वाहतच चाललीय, फुसाए. पण आता कुणीतरी मागून दोर धरलाय." दोर धरला होता खरा. वडिलांना मिळाला त्यापेक्षा त्याला जास्त वेळ मिळाला. नातवाला मासा साफ करायला शिकवण्याइतका मिळाला, नुसतं तोंडाने सांगून. नंतर श्वास अडायला लागला, तेव्हा गळ्याला भोक पाडून यंत्र लावायचं का, असं विचारलं गेलं. त्याने डोळ्यांनीच नको म्हटलं.

जाण्याआधी त्याचं रक्त तपासलं होतं. त्यातून कळलं की दोष विहिरीत नव्हता आणि थडग्यातही नव्हता. दोष रक्तात होता, बापाकडून आलेल्या एका जनुकात. पोरांपैकी कुणाकडे तो जाणार आणि कुणाकडे नाही, हे नाणं उडवल्यासारखं. तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर इबुकांनी किनुएलाही विचारलं होतं, तुमचं तपासायचं का. तिने हसून सांगितलं की तिला वस्तऱ्याला धार लावायची आहे, वेळ नाही.

गेल्याच्या गेल्या शरदात तिच्या हातातून कंगवा पडला. मी दारातच होते. ती वाकून उचलायला गेली तर तो उचलला जाईना. उजवा अंगठा बोटांना भिडतच नव्हता. मी आत गेले, कंगवा उचलून दिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. तिच्या वडिलांच्या हाताला पडलेला अगदी तसाच खळगा मला आठवला.

त्या दिवसापासून तिने दाढ्या बंद केल्या. गिऱ्हाइकांना म्हणाली, डोळे अधू झाले. मला म्हणाली, "मिहोकोला एक शब्द सांगितलास तर तुझी जाळी समुद्रात टाकीन."

मीच तिला माझ्या छोट्या ट्रकमधून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर इबुकांचे केस आता पांढरे झाले होते. हात, पाय, जीभ सगळं तपासून झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं की या घराण्यात जो दोष आहे, नेमक्या त्याच दोषासाठी एक औषध निघालंय, आपल्याकडे नुकतंच मिळायला लागलंय. बाकीच्या रोग्यांना त्याचा उपयोग नाही. शंभरात दोघा-चौघांनाच आहे. पण आधी तुमच्या रक्तात तो दोष आहे याची खात्री करावी लागेल.

किनुए नको म्हणाली. गोळ्या द्या, त्या घेईन. रक्त नको.

परतीच्या वाटेवर मोहरीच्या पानात बांधलेला भात तिने उघडलाही नाही. बोगदे संपून समुद्र दिसायला लागला तेव्हा ती बोलली. "माझं रक्त तपासलं की मिहोकोचं तपासल्यासारखंच आहे गं. आज तिला वाटतं, मामाला झालं, आजोबांना झालं, आईला नाही, म्हणजे आपण सुटलो. तेवढं तरी तिच्याकडे राहू दे."

मी गाडी चालवत राहिले.

नव्या वर्षाला मिहोको आली. दरवर्षी त्या दिवशी ती दुकानातल्या खुर्चीत बसते आणि आई तिच्या मानेवरची लव काढते, लहानपणापासूनचा रिवाज. त्या वर्षी किनुए म्हणाली, डोळे बरे नाहीत, पुढच्या खेपेला बघू. मी मोचीच्या, तांदळाच्या वड्या घेऊन गेले होते, तिथेच उभी होते. मिहोको खुर्चीतून उठली नाही. आरशातूनच आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हात दाखव."

किनुएने हात ॲप्रनखाली घेतला.

"आई, मी मामाला पाहत मोठी झाले. परवापासून तू चहाचा पेला डाव्या हाताने उचलतेयस. मला काय दिसत नाही?"

किनुए खाली बसली. मग जे होतं ते तिने सांगितलं, औषधाचं, रक्ताचं, आपण नाही का म्हटलं त्याचं. ऐकून झाल्यावर मिहोको आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या रक्तात काय आहे ते मला कळायला हवं की नको, ते मी ठरवेन. ते माझं आहे. तू तुझं ठरव. पण हे बघ, उद्या माझाही हात असा झाला, तर तेव्हा मी कुणाकडे बघून चालू? दार लावून बसलेल्या आईकडे?"

मग मिहोकोने माझ्याकडे वळून विचारलं, "फुसाएमावशी, तुमचा ट्रक कधी मोकळा आहे?"

रक्तात दोष निघाला. निघणारच होता.

ते औषध पाठीच्या कण्यातून द्यायचं असतं. कंबरेपाशी दोन मणक्यांच्या मधून सुई घालतात, आतलं थोडं पाणी काढून घेतात आणि तेवढंच औषध हळूहळू आत सोडतात. सुरुवातीला दर पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा, आणि ते किती वर्षं चालायचं हे कुणीच सांगत नाही. डॉक्टर इबुकांनी आम्हाला समजावून सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत पाककृतींचा एक ग्रंथ असतो म्हणे. कुकींच्या ग्रंथात एक कृती चुकीची लिहिली गेलीय. तिच्यावरून जे शिजतं ते मज्जातंतूंना विषासारखं बाधतं. ग्रंथ बदलता येत नाही. पण कृती उतरवून घेऊन जो निरोप्या स्वयंपाकघराकडे निघतो, त्याला हे औषध वाटेतच गाठतं.

"निरोप्यालाच मारायचं," किनुए म्हणाली.

"त्यालाच. रोज, हजारोंनी."

"आणि ते औषध एवढ्याशा सुईतून आत जाऊन माझ्या पाठीत नेमका चुकीचाच निरोप्या ओळखतं?"

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी हे तीस वर्षं शिकतेय आणि मलाही दर वेळी तसंच वाटतं.

पहिल्या खेपेला मी पडद्याबाहेर बसले होते. आतून नर्सचा आवाज आला, कोळंबीसारखं वळून झोपा, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. किनुए म्हणाली, "आयुष्यभर कोळंब्या खाल्ल्या, आता त्यांनी उट्टं काढलं." नर्सला हसू आवरेना, तर डॉक्टरांनी तिला दटावलं की सुई माझ्या हातात आहे. घरी येताना किनुए ट्रकच्या मागच्या हौद्यात पाठीवर झोपून येईन म्हणत होती, डोकं असं ठणकत होतं. मी म्हटलं, तिथे मासळीची टोपली आहे. ती म्हणाली, मग आपली जागा तीच.

पहिले काही महिने वाईट गेले. औषध चालू आणि हात मात्र खालीच चाललेला. गुंडी लागेना. डाव्या हाताची करंगळीही वाकायला लागली. पाठ दुखायची, कधी पाय झिणझिणायचे. नसा झिजल्या की त्यांचा चुरा रक्तात उतरतो, तो म्हणे निम्म्याने कमी झाला होता. डॉक्टर इबुकांना त्याचा केवढा आनंद. किनुए मला बाहेर आल्यावर म्हणाली, "चुरा कमी झाला म्हणतात. भिंत पडतेच आहे, फक्त माती उडत नाही." तरी पुढच्या खेपेला ती माझ्या आधी ट्रकपाशी येऊन उभी होती.

आणि मग काहीच झालं नाही.

हे मी कसं सांगू मला कळत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल यात सांगण्यासारखं काय आहे. हाताची पकड मोजायचं एक यंत्र असतं, मूठ आवळली की काटा फिरतो. एका खेपेला काटा मागच्याच आकड्यावर थांबला. डॉक्टरांनी पुन्हा आवळायला लावली. पुन्हा तिथेच. त्यापुढच्या महिन्यात तिथेच. पावसाळा गेला, संत्र्यांना रंग चढला, आणि तो काटा तिथेच. कुकींच्या घरात हा आजार ज्याच्या ज्याच्या अंगात शिरला तिथे तो उतारावरच्या दगडासारखा गेला होता. कधी सावकाश गेला, पण थांबलेला कुणी पाहिला नव्हता. मी रोज सकाळी जाळी मांडताना तिच्या दारातून बघायचे, ती डाव्या हाताने टॉवेल पिळतेय, उजव्याने धरतेय. कालही धरत होती. आजही धरतेय. देवळात गेल्यासारखी मी तिथे उभी राहायचे, आणि ती आतून ओरडायची, "मासे कावळे नेताहेत, बये!"

गोनरोकु आजोबा नव्वदीचे झालेत. त्यांना कुणीतरी सांगितलं. काठी टेकत आले, खुर्चीत न बसता किनुएसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, हात दे." तिने दिला. दोन्ही हातांत धरून ते अंगठ्याच्या मुळाशी आपला अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाचा हात मी असाच धरला होता. पुढच्या पौर्णिमेला परत धरला, तेव्हा त्यात धरण्यासारखं काही राहिलं नव्हतं." त्यांनी हात सोडला, मान खाली घातली आणि त्या हातापुढे वाकले. ती संकोचून गेली. म्हणाली, आजोबा, मी काय केलं यात? ते काठी टेकत निघून गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले, हात धरला आणि मान डोलावली. मग दर महिन्याला येऊ लागले.

वर्षभराने, चेरी फुलायच्या आधी, काटा एक रेघ वर चढला. एकच रेघ. डॉक्टर इबुकांनी चष्मा काढून पुसला आणि परत मोजायला सांगितलं. नंतर त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कुकीबाई, मी या खोलीत उतरणारे आकडे सांगायला शिकले. चढणारा कसा सांगायचा, मला माहीत नाही."

त्याच इस्पितळात दर खेपेला किताबाताके नावाचा एक माणूस भेटायचा. चाळिशीतला, डोंगरातून लाकडाचे ओंडके वाहणारी लॉरी चालवायचा. आजार तोच, पण त्याच्या रक्तात तो दोष नव्हता, म्हणून आमचं औषध त्याला नव्हतं. पहिल्या भेटीनंतर किनुए त्याच्याशी नजर मिळवायची नाही. मला म्हणायची, एका नावेतून दोघं बुडताना एकालाच फळी मिळावी आणि त्यानेच दुसऱ्याला नमस्कार करावा, तसं वाटतं.

त्या दिवशी तो चाकांच्या खुर्चीत होता. त्यानेच हाक मारली. बोलणं जडावलं होतं, पण कळत होतं. "रेघ चढली म्हणे. दाखवा."

किनुए त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. अंगठा हळूहळू तर्जनीकडे आला, थरथरला, टेकला. किताबाताकेने ते असं पाहिलं, जसं आपण पहिल्यांदा चालणारं मूल पाहतो. म्हणाला, "परत." तिने परत करून दाखवलं. त्याच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला.

मग त्याने सांगितलं की तो एका नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालतोय. निम्म्यांना औषध मिळणार आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते मिळणाऱ्यालाही कळणार नाही आणि देणाऱ्यालाही नाही. सुई मात्र दोघांनाही सारखीच, पाठीतून.

"आणि पाणी मिळालं तर?" किनुएने विचारलं.

बोलायला त्याला वेळ लागायचा. "तर पाणी. कुणीतरी पाणी घेतल्याशिवाय औषध खरं की खोटं ते कळतच नाही म्हणे. तुमच्या औषधाच्या वेळीही कुणीतरी घेतलं असणार."

किनुए गुडघ्यांवरच बसून राहिली. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, हो, घेतलं होतं, कितीतरी देशांतल्या माणसांनी. काहींना औषध मिळालं, काहींना पाणी. पाणी घेतलेल्यांपैकी बरेच जण आता नाहीत. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, सांगतही नाहीत.

परतीच्या वाटेवर बोगद्यात किनुए म्हणाली, "पाठीत सुई घ्यायची, तीही पाण्याची, आणि मरून जायचं. आणि ते कुणासाठी? माझ्यासाठी? त्यांना मी कोण, हे तरी माहीत होतं का?" मी म्हटलं, नव्हतं. "तेच म्हणतेय," ती म्हणाली. पुढे घर येईपर्यंत ती मांडीवरच्या हाताकडे असं बघत होती, जणू तो तिच्याकडे कुणीतरी सांभाळायला दिलाय.

पुढच्या खेपेला तिने पिशवीत केस कापायचं यंत्र, कात्री आणि पांढरं कापड घेतलं. किताबाताकेची चाचणी दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. नर्सने अंगणातल्या जिन्कोच्या झाडाखाली खुर्ची लावून दिली. किनुएने डाव्या हातात यंत्र धरलं आणि उजव्या अंगठ्या-तर्जनीत कंगवा. वेळ लागला. मध्येच कंगवा सुटला, तो मी उचलून दिला. मागची बाजू जराशी वाकडीच झाली. त्याची बायको म्हणाली, छान दिसतंय. तो म्हणाला, "लॉरीवाल्याचं डोकं कोण बघतं? मी आरशात मागे थोडाच बघतो." आणि हसला; हसायला त्याला अजून येत होतं.

मिहोकोनेही या वसंतात रक्त तपासून घेतलं. काय निघालं ते तिने आईला सांगितलं. मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मानेवरची लव आता ती माझ्याकडून काढून घेते. किनुए बाजूला उभी राहून माझ्या हाताला नावं ठेवते, म्हणते, मासा खवलतेयस की माणूस.

किताबाताकेची चाचणी सुरू होऊन बरेच महिने झाले. त्याला औषध मिळतंय की पाणी, ते त्यालाही माहीत नाही, डॉक्टर इबुकांनाही नाही. आम्ही दर महिन्याला भेटतो. मागच्या खेपेला किनुएने त्याला सरळ विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "कधी औषध वाटतं, कधी पाणी. दोन्ही दिवशी मी येतोच."